मागची पट्टी

जागेचं नाव सजा.
आमच्याकडे ती तलाठ्याची असते, नाहीतर कोर्टाची.
इथे शारजाच्या मागल्या अंगाला ट्रकांची वस्ती,
तेल मुरून मुरून डांबर झालेली वाळू.

पहाटेचे चार. पाने बादलीतल्या पाण्यात बुडवलेले,
कालच्या उन्हाची धग अजून सोडत नाहीत.
झरीन गुल चावी फिरवतो.
टक्.
नुसतं टक्, पुढे काही नाही,
दार वाजवून पळालेल्या पोरासारखं.
बॅटऱ्या दोन्ही नव्या. सेल्फ गेला.

आधी मायनस काढ, मी मोफिजला सांगतो.
दर वेळी सांगतो,
आणि दर वेळी स्वतःच्या मनगटाकडे बघतो.
खेर्डीच्या गॅरेजात सोळाव्या वर्षी
घड्याळाचा स्टीलचा पट्टा तिथे चिकटला होता.

मग पाठीवर, सरपटत, आत.
तीन बोल्ट. वरचा दिसत नाही,
तो बोटांना पाठ असावा लागतो.
शेवटचा सुटतो आणि सेल्फ छातीवर येतो,
वीसेक किलोचा, झोपलेल्या लेकराएवढा;
लेकरू मात्र असं बरगडीत रुतत नाही.

बाहेर उजेडात ठेवला.
कॉइल शाबूत, कार्बन शाबूत.
पुढच्या नाकाडाला तडा, या कानापासून त्या कानापर्यंत.
हा जळून गेला नव्हता.
लोंबकळून गेला होता.
आणि बोल्टच्या माथ्यावर पिवळा ठिपका.

या यार्डात पिवळा ठिपका एकच माणूस लावतो.

गेल्याच्या गेल्या रमजानात, बांगेला दहा मिनिटं असताना,
जुनी पट्टी नव्या सेल्फला दोन बोटं कमी पडली.
मी ती काढून कोपऱ्यात फेकली.
पुढचे तीन पुरेत, म्हणालो.
पुरतात की. वर्षभर पुरतात, वर चार महिने.
इंजिन रोज थोडं थरथरतं, मागचं टोक रोज थोडं हलतं,
त्याची कुणी नोंद ठेवत नाही.

इसाकभाई फणसोपकर शिकवताना म्हणायचे,
नाव सेल्फ आहे म्हणून फसू नको रे,
त्याच्याही बुडाखाली कुणाचा तरी हात लागतो.

नवा आणला. बसायची जागा खरवडून
लोखंड चकचकीत केलं, अर्थिंग तिथूनच मिळतं.
बॅटरीच्या आडून फ्लायव्हीलचे दात बघितले,
दोन झिजलेत, चालतील.
खाली जॅक, वर फळी, फळीवर सेल्फ,
मोफिज इंच इंच उचलत होता आणि मी
अंधारात भोक शोधत शिव्या देत होतो,
त्याला नव्हे. त्यानं मात्र ऐकून घेतल्या.

सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर माप काढलं,
अँगल कापला, भोक लांबट ठेवलं.
आधी पुढचे तीन आवळायचे. मग पट्टी.
तिनं ओढायचं नाही, ढकलायचंही नाही,
नुसतं लागून राहायचं.
एवढं जमायला मला सकाळचे आठ वाजले.

झरीन गुल वाकून बघत होता.
उस्ताद, ये पहले कहाँ था?
माझ्याकडे, मी म्हणालो. माझ्याकडे राहिलं होतं.
त्यानं दाढीवरून हात फिरवला, काही बोलला नाही.
बिलावर मजुरीच्या रकान्यात मी रेघ मारली,
तो ती रेघ जरा जास्तच वेळ वाचत बसला.

मायनस लावला. चावी.
पहिल्याच झटक्यात पकडलं,
काळा धूर, मग करडा, मग नुसती गरम हवा थरथरणारी.
मी आत हात घालून पट्टीवर बोट टेकवलं.
थरथर होती. हेलकावा नव्हता.

ट्रक रस्त्याला लागला. मोफिज रंगाचा डबा बंद करत होता.
त्या रमजानात असे किती बसवले मी?
आठवतात ते चार.
एक सलालाहच्या फेऱ्या करतो, दोन रुवैसला,
चौथ्याचा ड्रायव्हर नंबर बदलून कुठे गेला ठाऊक नाही.

मोफिज, ग्राइंडर ठेवू नकोस, म्हणालो.
अँगल अजून आहे का बघ.